दर दहा दिवसांनी बिल चुकतंय, हातानं दुरुस्त करतोय, परत चुकतंय: दुखणं टेबलात आहे

बेळगाव आणि खानापूर तालुक्यातल्या चार गावांच्या दूध डेअऱ्यांची सॉफ्टवेअरं मी सांभाळतोय. सॉफ्टवेअर म्हणजे फार काही नाही, एस्क्यूलाइट ह्या छोट्या डेटाबेसची एक फाइल (आत टेबलं, म्हणजे ओळी-रकान्यांचे तक्ते), त्यावर एक स्क्रीन आणि पावसाळ्यात कागद न ओढणारा प्रिंटर. बिल दहा दिवसांचं निघतंय, म्हणजे १, ११ आणि २१ तारखेला माझा फोन सकाळी साडेसहाला वाजायचा. "अरे बाबा, परत तसंच झालंय बग की." सेक्रेटरी तात्या.

तसंच म्हणजे काय तर एकाचं दुधाचं बिल तिप्पट, दुसऱ्याकडनं उलट डेअरीलाच पैसे येणं निघतंय, तिसऱ्याचं नावच यादीत नाही, आणि एका मारुती पाटलानं नेलेल्या पेंडीची उचल दुसऱ्या मारुती पाटलाच्या बिलातनं कापलीय आणि तो दुसरा काउंटरसमोर उभा आहे. मी गाडी काढून जायचो, चार-पाच आकडे हातानं बदलायचो, चहा प्यायचो, घरी. दहा दिवसांनी परत तेच. असं मी वर्षभर केलंय, त्यामुळं आता जे सांगतोय ते फार हुशारीनं सांगतोय असं समजू नका.

आधी संशय प्रिंटरवर घेतला, मग व्हायरसवर, मग लाइट गेल्यावर फाइल खराब होते असं वाटलं. फाइल खराब झालीय का हे बघायला एस्क्यूलाइटमध्ये प्राग्मा इंटिग्रिटी चेक ही आज्ञा चालवा, मिनिटभराचं काम आहे, ओके आलं की तो विषय सोडून द्या. माझ्याकडं दरवेळी ओकेच यायचं. फाइल धडधाकट होती, आतली मांडणी वाकडी होती.

पहिलं दुखणं: तिप्पट बिल आणि उणे बिल

हे सगळ्यात जास्त लोकांना होतंय म्हणून जरा बारकाईनं सांगतो. एका सभासदाचं दहा दिवसांचं दूध, सकाळ-संध्याकाळ मिळून संकलन टेबलात २० ओळी. रक्कम ४,८६० रुपये. त्याच दहा दिवसांत त्यानं तीनदा उचल घेतली, ५०० पेंडीला, ३०० आणि २०० रोख, एकूण १,०००. हातात यायला पाहिजेत ३,८६०. बिलावर काय आलं? दूध १४,५८०, उचल २०,०००, आणि खाली "येणे बाकी ५,४२०". तात्या म्हणाले, "दूध घालून घालून माणूस कर्जात गेला काय रे?"

झालं असं होतं की मी संकलन आणि उचल ही दोन टेबलं सभासद नंबरवर एकदमच जॉइन केली, म्हणजे जोडली, आणि वरनं सम, म्हणजे बेरीज, लावला. जॉइन कसा चालतो बगा, डाव्या टेबलातली एकेक ओळ उजवीकडच्या जुळणाऱ्या प्रत्येक ओळीशी जोडी लावते. प्रत्येक, म्हणजे प्रत्येक. २० ओळी गुणिले ३ ओळी, ६० ओळी. दुधाची प्रत्येक रक्कम तीनदा मोजली, उचलीची प्रत्येक रक्कम वीसदा. म्हणून ज्याची उचल एकदाच आहे त्याचं दूध बरोबर दिसतंय आणि उचल वीसपट, आणि ज्यानं उचल घेतलीच नाही तो बिलातनंच गायब, कारण साध्या जॉइनला जोडी मिळाली नाही की ती ओळ गळते. म्हणजे तीन वेगळ्या तक्रारी होत्या आणि तिन्हीचं मूळ एकच ओळ.

ओळखायचं कसं? सम काढून टाका आणि नुसता ओळींचा काउंट घ्या. जॉइनच्या आधी २० आणि नंतर ६० आलं की सापडलं.

आता इथं बरेच जण, मी पण त्यात, डिस्टिंक्ट (सारखे आकडे एकदाच धर) लावतात. सम डिस्टिंक्ट रक्कम, झालं, आकडा खाली आला, खूश. पण दोन दिवस सकाळचं दूध नेमकं २४३ रुपयांचंच भरलं तर डिस्टिंक्टला ते एकच वाटतंय आणि एका सकाळचं दूध फुकट जातंय. ही चूक तिप्पट बिलापेक्षा वाईट, कारण तिप्पट बिल कुणाच्याही डोळ्यात येतंय, २४३ रुपये कमी आलेले बऱ्याच म्हाताऱ्या माणसांना कळतच नाहीत. बरोबर रस्ता असा की दुधाची बेरीज आधी वेगळी, सभासदागणिक ग्रुप बाय करून, म्हणजे माणशी एकच ओळ. उचलीची तशीच वेगळी, ती पण माणशी एकच ओळ. मग सभासद टेबल डावीकडं ठेवून दोन्ही बेरजा लेफ्ट जॉइननं (ह्यात जोडी नसली तरी डावीकडची ओळ राहते) चिकटवायच्या, आणि बेरीज नसेल तिथं कोअलेस लावून शून्य. आता एकाला एकच जोडी मिळतेय, गुणाकार होतच नाही.

दुसरं दुखणं: पाच मारुती पाटील

आमच्या गावाकडं मारुतीचं देऊळ नाही असं गाव नाही आणि मारुती पाटील नाही अशी गल्ली नाही. जुनं सॉफ्टवेअर एक्सेलवरनं आलेलं, त्यात उचलीच्या शीटवर नुसतं नाव लिहिलेलं. मी ती शीट तशीच टेबलात ओतली आणि नावावर जॉइन लावला. काय होणार होतं ते झालं.

उलटा प्रकार पण आहे, माणूस एक आणि ओळी तीन. पाटील, पाटिल, आणि शेवटी एक स्पेस राहिलेला पाटील. हे तरी डोळ्यांना दिसतंय किंवा ट्रिम लावून निघतंय. कुऱ्हाडे हे नाव घ्या. त्यातला तो पापणीसारखा र दोन तऱ्हेनं टाइप होतो, एका कीबोर्डवर ऱ आणि हलन्त, दुसऱ्यावर साधा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडअक्षराचं चिन्ह. स्क्रीनवर आणि कागदावर दोन्ही हुबेहूब तेच, डेटाबेसला मात्र दोन वेगळी नावं. युनिकोडचं ठरलेलं नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करायची रीत, चालवलं तरी हे दोन एक होत नाहीत. मी अर्धा दिवस त्या दोन ओळींकडं बघत बसलो होतो, शेवटी हेक्स फंक्शन लावून दोन्हीचे बाइट, म्हणजे आत साठवलेले आकडे, बाजूबाजूला काढले तेव्हा फरक दिसला. एकसारखी दिसणारी दोन नावं जुळत नसतील तर हेक्स बगा, डोळ्यांवर विश्वास ठेवू नका.

त्यात आपल्याकडं तीन लिप्यांचा घोळ. रेशन कार्ड कन्नडमध्ये, बँकेचं पासबुक इंग्रजीत, डेअरीची वही मराठीत, आणि ऑपरेटर हाताला येईल त्या कागदावरनं नाव चढवणार. गावाच्या रकान्यात मला बेळगाव, बेळगांव, बेळगावी आणि बेलगाम असे चार प्रकार मिळाले. १ नोव्हेंबर २०१४ ला सरकारी नाव बेळगावी झालं तेव्हा कुणीतरी नवीन अर्ज त्या नावानं भरायला लागलं आणि जुन्या ओळी तशाच राहिल्या, त्यामुळं गावनिहाय रिपोर्ट काढला की एकच गाव चार ओळींत. ह्या नावावरनं आपल्याकडं काय वाद आहे ते सगळ्यांना माहीत आहे, तो मी इथं काढत नाही, पण डेटाबेसच्या बाजूनं वाद एका मिनिटात मिटतोय. गावांचं वेगळं टेबल करा, प्रत्येक गावाला एक नंबर, आणि सभासदाच्या ओळीत फक्त तो नंबर. नावांचं अजून एक टेबल: गाव नंबर, भाषा, नाव. मराठी बिलावर मराठी नाव, सरकारी फॉर्मवर कन्नड नाव, उद्या नाव बदललं तर एक ओळ बदलायची, नऊशे नाही. एकच गोष्ट नऊशे ठिकाणी लिहिली की त्यातल्या चाळीस ठिकाणी ती बदलायची राहणारच.

माणसाला नंबर, गावाला नंबर, आणि नाव हे त्या नंबराबद्दलची एक माहिती. ह्या ओळख पटवणाऱ्या रकान्याला प्रायमरी की म्हणतात हे पुस्तकात सगळ्यांनी वाचलेलं असतंय. पण 'की' कुठली ते लॅपटॉपवर ठरत नाही, हे पुस्तकात सापडत नाही, काउंटरवर ठरतंय. मी म्हटलं सभासद नंबर आहे ना, तीच 'की'. तर तात्या म्हणाले, "नंबर खात्याला असतोय, माणसाला न्हाई. बाप वारला की त्येचाच नंबर पोराला." म्हणजे ११७ नंबरवर २०१९ पर्यंत बाप आणि पुढं मुलगा, आणि माझ्या टेबलात मुलाचं नाव चढवल्यावर बापाची जुनी बिलं पण मुलाच्या नावानं छापायला लागली. खातं वेगळं टेबल, माणूस वेगळं टेबल, आणि कुठलं खातं कधीपासून कुणाकडं हे तिसरं टेबल, असं केल्यावर मिटलं. तात्यांना विचारलं नसतं तर हे मला अजून कळलं नसतं.

मध्येच थोडा इतिहास, कारण त्यानं मला पुढची एक चूक सापडली

रिलेशनल मॉडेल, म्हणजे माहिती टेबलांत मांडायची ही रीत, एडगर कॉड ह्या माणसानं आयबीएमच्या सॅन होझेच्या लॅबमध्ये मांडलं, जून १९७० मध्ये त्यांचा पेपर छापून आला, १९८१ मध्ये त्यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. त्या काळातल्या डेटाबेसमध्ये ओळी कुठल्या क्रमानं साठवल्यात, कुठल्या वाटेनं तिथपर्यंत पोचायचं, हे सगळं प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला माहीत असावं लागायचं आणि साठवण बदलली की प्रोग्रॅम मोडायचा. कॉडनी म्हटलं ही अवलंबून राहायची सवय तोडा, आणि त्यांनी मोजलेल्या सवयींत क्रमावर अवलंबून राहणं ही होतीच. टेबल म्हणजे ओळींचा संच, गणितातला संच. संचात पहिलं-शेवटचं नसतंय आणि तेच ते दोनदा पण नसतंय.

आता माझी चूक. स्क्रीनवर "मागची फॅट" दाखवायला मी सभासदाच्या ओळी मागवून सगळ्यात शेवटची जी येईल ती दाखवत होतो, क्रम सांगणारं ऑर्डर बाय न लिहिता. एक्सेलमध्ये शेवटची एन्ट्री खालीच असायची ना, तीच सवय. वर्षभर बरोबर चाललं. मग स्पीड वाढवायला एक इंडेक्स (लवकर शोधायची सूची) टाकला आणि दुसऱ्या दिवसापासून मागची फॅट म्हणून भलत्याच महिन्याचा आकडा. इंडेक्सनं काही बिघडवलं नव्हतं, क्रमाचं वचन मला कुणी दिलंच नव्हतं. शेवटची पाहिजे तर तारीख, वेळ ह्यावर उलट्या क्रमानं ऑर्डर बाय लिहा आणि मग लिमिट एक.

तिसरं दुखणं: एकच दूध दोनदा

संचात तीच ओळ दोनदा नसते असं कॉड म्हणतात, पण एसक्यूएलचं (डेटाबेसशी बोलायच्या भाषेचं) टेबल ते आपणहून पाळत नाही, तुम्ही की किंवा युनिक (तीच नोंद परत नको हा नियम) लावली तरच पाळतंय. माझ्या संकलन टेबलाला नुसता आपोआप वाढणारा नंबर होता. लाइट गेली, इन्व्हर्टरवर स्क्रीन अडकली, ऑपरेटरनं सेव्ह दोनदा दाबलं, दोन ओळी, दोन वेगळे नंबर, डेटाबेस म्हणतोय दोन्ही वेगळ्या. आपोआप वाढणारा नंबर ठेवा, त्याला माझा विरोध नाही, पण त्याला की समजून झोपू नका.

खरी की मी ठरवली: खातं, तारीख, वेळ, गाय का म्हैस. युनिक लावली. दुसऱ्याच सकाळी फोन, "एकाचं दूध घेत न्हाई बग कंप्युटर." तर त्या घरात सून सहाला किटली घालून गेली होती आणि सातला पोरगं शेतातल्या गोठ्यातलं दुसरी किटली घेऊन आलं. म्हणजे एका सकाळी दोनदा हे खरोखर होतंय. मग फेरी नावाचा रकाना वाढवला, पहिली किटली १, दुसरी २, आणि तो कीमध्ये घेतला.

आणि तरी डबल नोंदी परत दिसल्या! ह्यात मी दोन बिलं घालवली. फेरी भरायची राहिली की रकाना नल, म्हणजे रिकामा, जायचा, आणि युनिकच्या नियमात एस्क्यूलाइट दोन नल एकसारखे धरत नाही, माहीत नाही आणि माहीत नाही हे सारखं कसं म्हणणार, असा त्याचा हिशोब. दोन्ही ओळी निवांत आत. प्रायमरी की म्हणून लिहिलं तरी एस्क्यूलाइट साध्या टेबलात नल आत घेतंय, जुन्या काळची चूक आहे ती, मागच्या प्रोग्रॅमना त्रास नको म्हणून तशीच ठेवलीय. तेव्हा कीमधल्या प्रत्येक रकान्याला नॉट नल स्वतः लिहा आणि फेरीला डिफॉल्ट १ द्या.

युनिक लावायच्या आधी जुना कचरा काढावा लागतोय, नाहीतर ती लागतच नाही. फेरी सोडून त्या चार रकान्यांवर ग्रुप बाय, हॅविंग काउंट एकापेक्षा जास्त, जी यादी येईल ती कागदावर काढून काउंटरवर घेऊन बसा. आपल्या मनानं डिलीट मारू नका, त्यातल्या काही दुसऱ्या किटल्या असतात.

नल निघालाच आहे तर अजून एक. ह्या दहा दिवसांत दूध न घातलेल्यांची यादी मला पाहिजे होती, नॉट इन (त्या यादीत नसलेले) वापरला, यादी रिकामी. गावातल्या सगळ्यांनी दूध घातलं? शक्यच नाही. संकलनात एका ओळीत खाते नंबर नल होता, आणि नॉट इनच्या यादीत एक जरी नल आला तरी उत्तर "माहीत नाही" होऊन सगळ्या ओळी गळतात. नॉट एक्झिस्ट्स वापरा, विषय संपला.

चौथं: उचल अशा खात्यावर जे खातंच नाही

४२१ ऐवजी ४१२ टाइप झालं आणि ४१२ नंबरचं खातं गावात नाहीच. उचल कुणाच्याच बिलात गेली नाही, वर्षाच्या ताळ्याला पैसे कमी. मी छातीठोक सांगत होतो की असं होणारच नाही, मी फॉरेन की, म्हणजे नसलेल्या खात्यावर नोंद घेऊ नको हा नियम, लिहिलीय. लिहिली होती खरंच. पण एस्क्यूलाइटमध्ये फॉरेन की लिहून भागत नाही, ती तपासणी मुळात बंद असते, आणि प्रत्येक कनेक्शन उघडलं की प्राग्मा फॉरेन कीज ऑन असं सांगावं लागतंय, ते पण ट्रान्झॅक्शन (एकदम पुऱ्या करायच्या नोंदींचा गट) सुरू व्हायच्या आधी, मध्येच सांगितलं तर गप दुर्लक्ष करतंय, एरर पण देत नाही. मायएसक्यूएल हा दुसरा डेटाबेस वापरणाऱ्यांनी हसू नका, जुनी टेबलं मायआयसॅम इंजिनवर असतील तर तिथं पण फॉरेन की वाचून सोडून देतात, इनोडीबी पाहिजे.

तुमची फॉरेन की जागी आहे का हे बघायची सोपी युक्ती, ९९९९ खात्यावर एक रुपयाची उचल टाकून बगा. घेतली तर झोपलीय. आधीच आत शिरलेल्या अनाथ ओळी प्राग्मा फॉरेन की चेक यादीनं काढून देतंय. माझ्याकडं त्या यादीत ३१ ओळी निघाल्या. त्यातल्या २८ चे मालक तात्यांनी वही उघडून अर्ध्या तासात सांगितले, तीन अजून बाकी आहेत.

हे सगळं वाचून जोशात येऊन सगळंच वेगळं काढू नका. मी तेही केलं. दरपत्रक वेगळं टेबल आहे, फॅटप्रमाणं दर त्यात आहेच, मग संकलनाच्या ओळीत दर परत कशाला लिहायचा, म्हणून मी तो रकाना काढून टाकला. दर वाढले, दरपत्रक बदललं, आणि कुणाला तरी मागच्या महिन्याचं बिल परत छापून पाहिजे होतं तर ते नव्या दरानं निघालं. त्या दिवशी त्या दुधाला कुठला दर लावला ही आजच्या दरपत्रकाची नक्कल नाही, ती घडून गेलेली वेगळी गोष्ट आहे, तिला तिची जागा पाहिजे. लावलेला दर ओळीत परत आणला, आणि दरपत्रकाला "कधीपासून लागू" ही तारीख जोडली.

आता १, ११, २१ ला फोन येत नाही असं म्हणणार नाही, येतोय, पण वेगळ्या कारणानं. युनिक लागल्यावर डबल नोंद आली की स्क्रीनवर "युनिक कन्स्ट्रेंट फेल्ड" असं इंग्रजीत यायचं आणि ऑपरेटर पोरगी घाबरून मशीन बंद करायची. तो मेसेज मी बदलला. आता येतंय: "ह्या खात्याचं ह्या वेळचं दूध आधीच चढलंय. दुसरी किटली आहे काय?" खाली दोन बटणं, होय आणि चुकून दाबलं.